राखाडी बटणाचा हंगाम

उंब्रजच्या अलीकडे एस.टी. रखडली की समजावं, कारखाने सुरू झाले. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, उसाची टोकं दोन्ही अंगांनी रस्त्यावर आलेली, वर कर्ण्यावर कसलंतरी गाणं ठणाणतंय, आणि मागं अडकलेल्या गाड्यांचं ट्रॅक्टरवाल्याला काही सोयरसुतक नाही. मागच्या शनिवारी सांगलीहून साताऱ्याला घरी येताना असंच झालं. खिडकी उघडी होती. ताज्या तुटलेल्या उसाचा ओलसर वास आत आला. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "वास कसा ग्वाड येतोय, न्हाई?" मी मान डोलावली. खरं तर माझ्या पोटात दुखायला लागलं होतं.

या वासानं लोकांना गूळ आठवतो, आजोळ आठवतं, ट्रॉलीमागं पळत ओढून काढलेलं उसाचं कांडं आठवतं. मला अस्मिता आठवते. या भावनेला आपल्याकडं सभ्य नावं पुष्कळ आहेत, हेवा म्हणा, असूया म्हणा, मत्सर म्हणा. त्यातलं एकही मला नको. मी जळत होते. कारखान्यांचे बॉयलर पेटले तेव्हा पेटले आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप बंद होईपर्यंत, विझले नाही. आयुष्यात मी तशी पुष्कळांवर जळले आहे. मावसबहिणीच्या केसांवर, शेजारणीच्या पुरणपोळीवर, शाळेत माझ्या पुढं बसणाऱ्या मुलीच्या अक्षरावर. पण काही वर्षांपूर्वीचा तो हंगाम वेगळाच होता.

सांगलीत विश्रामबागेत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. साखर कारखान्यांच्या शेती विभागांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. कुणाचा ऊस कधी तुटणार, ऊसतोडीची कुठली टोळी कुठल्या शिवारात जाणार, काट्यावर वजन किती भरलं, असलं सगळं. मालकांना सगळे दादा म्हणतात. मी तिथं लागले तेव्हा ऑफिसात दादा, मी आणि एक प्रिंटर इतकेच होतो. पुढं माणसं वाढली, प्रिंटर बदलला, मी तशीच राहिले.

कामं आधी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहिली जायची. ज्याला जे सुचेल ते त्यानं लिहावं, ज्याच्या हाती फडकं लागेल त्यानं पुसावं. मग पुण्याच्या कुणीतरी दादांच्या कानात सांगितलं आणि कामांवर नजर ठेवणारं एक सॉफ्टवेअर आमच्याकडं आलं. ज्यांनी असलं काही वापरलेलं नाही त्यांना स्वयंपाकघरातलं सांगते. मंडईतून आठवड्याची भाजी आणून पिशवीत ठेवली, तो बॅकलॉग. त्यातली आज करायची तेवढी ओट्यावर काढली, तो स्प्रिंट. आमचा ओटा पंधरा दिवसांचा असायचा. एकदा भाजी ओट्यावर काढली की तीच निवडायची, तीच चिरायची, मध्येच कुणी येऊन त्यात दुधी टाकायचा नाही. आणि पिशवीतून ओट्यावर भाजी काढायचा अधिकार कुणाला, हे त्या सॉफ्टवेअरमध्ये आधी ठरवून ठेवावं लागतं. त्याला परवानग्या म्हणतात.

मला पिशवीत भाजी घालता यायची. ओट्यावर काढता यायची नाही.

स्क्रीनवर प्रत्येक कामापुढं एक बटण असायचं, 'स्प्रिंटमध्ये घ्या'. ज्यांना परवानगी त्यांना ते निळं दिसायचं. मला राखाडी. त्याच्यावर बाण नेला तर बाणाचा हात व्हायचा नाही, बाण बाणच राहायचा. पहिल्या दिवशी वाटलं, नेट गेलं असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, माझा कॉम्प्युटर जुना आहे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावर वाकून पाहिलं, आणि कॉम्प्युटरचा काही दोष नाही हे कळलं.

याचं मूळ खंडेनवमीत होतं. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कॉम्प्युटरला हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळा पडतात, माऊसवर सुद्धा एकेक पाकळी ठेवली जाते. पूजा झाली, पेढे वाटले गेले, आणि त्याच मुहूर्तावर दादा परवानग्यांचं पान उघडून बसले. दादा हाडाचे सांगलीकर. त्यांनी ते पान लग्नातल्या मानपानासारखं वाचलं. कुठल्या पाहुण्याला फेटा, कुठल्याला नुसती टोपी, कुणाला शाल, असा त्यांचा हिशेब सुरू झाला.

"आबासाहेबांना सगळ्यात वरचं द्या," ते म्हणाले. आबासाहेब म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक कारखान्याचे शेती अधिकारी.

"दादा, वरचं म्हणजे त्यांना स्प्रिंटमध्ये पण कामं घालता येतील," मी म्हटलं.

"मग घालू देत की. एवढा मोठा माणूस, त्याला खालचं कसं द्यायचं? उद्या म्हणतील, बोलावलं आणि मागच्या पंगतीला बसवलं."

असं करत करत आबासाहेबांना मिळालं, त्यांच्या हाताखालच्यांना मिळालं, दुसऱ्या कारखान्यातल्या दोघा-चौघांना मिळालं, ऑफिसात नव्यानं आलेल्या पोरांना हुरूप यावा म्हणून मिळालं. शेवटी दादांची नजर माझ्यावर आली. "मीनलचं बघू नंतर. ती काय, घरचीच आहे," ते म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला. पंगतीत घरच्या बायका शेवटी जेवतात, तोवर आमटीला तळ दिसायला लागलेला असतो. मीही त्या दिवशी हसले. घरची म्हटल्यावर रागवायचं तरी कसं?

पुढं व्हायचं तेच झालं. बॉयलर पेटले आणि आमचा ओटा भरून वाहायला लागला. काट्यावरच्या वजनाचं महत्त्वाचं काम चालू असताना आबासाहेबांनी स्प्रिंटमध्ये काम घातलं, 'काट्याजवळचा पंखा बंद हाय.' त्याच्याखाली, शिवारात तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या पोरांबद्दल, 'चिटबॉय लोकं फोन उचलत न्हाईत, समज द्यावी.' त्याच्याखाली, तातडीचा लाल झेंडा लावून, 'मेव्हण्याचा ऊस आधी घ्यावा.' आमची पोरं डोकं धरून बसली. प्रोग्रॅम लिहायचा का मेव्हण्याचा ऊस तोडायला जायचं, त्यांना कळेना. दादांची तर दातखीळच बसली. एकदा बांधलेला फेटा पाहुण्याच्या डोक्यावरून उतरवणार कोण?

इथं अस्मिता येते.

ती गणपतीच्या सुमारास आमच्याकडं लागली होती. विट्याजवळच्या एका गावची. पण वडिलांचं सोनं गाळायचं दुकान तिकडं कोईमतूरला, विट्याकडच्या कितीतरी घरांचं असतं तसं, त्यामुळं ही वाढली तिकडंच. फोनवर इंग्रजी बोलायला लागली की समोरचा सावरून बसायचा. तमिळ यायची, हिंदी यायची. आणि मराठी मात्र घरात आईकडून आली तशीच्या तशी, खेड्यातली, करकरीत. इंग्रजीत एवढं मोठं वाक्य संपवून ती शेवटी "आता लय झालं गड्या" म्हणायची आणि सगळी पोरं खूश व्हायची. मी तसं बोलले असते तर मला गावंढळ म्हणाले असते. नव्याचे नऊ दिवस, मी मनाशी म्हटलं. नऊ सरले तरी तिचं नवेपण काही उतरेना.

त्या गोंधळावर दादांनी मीटिंग बोलावली, तीत ती म्हणाली, "दादा, ह्यांस्नी बगायचं द्या, लिवायचं द्या, पिशवीत टाकायचं द्या. स्प्रिंटमधी घालायचं तेवढं काडून घ्या."

"अगं पण मान काढून घेतल्यासारखं होईल," दादा म्हणाले.

"मान काडायचा कशाला? मान द्यायचा." तिनं लॅपटॉप फिरवला. त्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला हवी ती नवी पायरी तयार करता येते आणि तिला हवं ते नाव देता येतं. तिनं एक पायरी केली होती. तिच्यातल्या माणसाला सगळं दिसणार, कशावरही मत लिहिता येणार, पण स्प्रिंटला हात लावता येणार नाही. आणि तिला नाव दिलं होतं, 'मानकरी'.

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी कारखान्यातून लॉगिन केलं. त्यांच्या नावापुढं सोनेरी चौकटीत मानकरी असं उमटलं होतं. त्यांनी दादांना फोन केला. आम्ही सगळे कान लावून बसलो. "दादा, ह्ये बेस केलंसा," पलीकडून आवाज आला, "आमच्या एमडीला बी करा की मानकरी." मेव्हण्याच्या उसाचा विषय परत निघाला नाही.

ऑफिसात हशा पिकला. दादांनी तिच्या पाठीवर थाप मारली. मी हसले नाही. मानपान कुणाच्या मातीतला? माझ्या. आबासाहेबांना ओळखणार कोण? मी. त्यांना शुगर असून चहात साखर लागते हेसुद्धा मला ठाऊक. आणि त्यांना काय म्हटलं म्हणजे ते विरघळतील हे कोईमतूरला वाढलेल्या पोरीला सुचतं! मला ते सुचलं नव्हतं, हे सगळ्यात जास्त झोंबलं. सगळ्यांची परवानगी काढून घेतल्यावर ती एकट्या अस्मिताकडंच उरली, कारण कुणाकडं तरी असायलाच हवी होती. माझ्या नावाचा विषय त्या दिवशीही निघाला. दादा म्हणाले, "बघू नंतर."

पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण मी त्या हंगामात इतक्या वेळा मनात म्हटली की तिचा चोथा झाला.

सांगलीचा हिवाळा मला आवडतो. सकाळी कृष्णेवर धुकं असतं, मंडईत वाटाण्याच्या शेंगांचे ढीग लागतात, कारखान्याच्या धुराड्यातली काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते आणि झटकायला जावं तर आणखी पसरते. त्या वर्षी ह्यातलं काहीच मला सुखानं बघता आलं नाही. गच्चीवर कपडे झटकताना मी मनातल्या मनात अस्मिताशी भांडत असायचे. ती फुलाफुलांच्या पिशवीतून डबा आणायची, त्या पिशवीचा मला राग. ती भाकरीबरोबर खोबऱ्याची चटणी खायची, तिकडच्या पद्धतीची, आणि सगळे तिच्या डब्यात हात घालायचे, त्या चटणीचा राग. एकदा माझ्याही पुढं तिनं डबा केला. चटणी फार चांगली होती. तो राग वेगळा.

आणि सर्वांत जास्त राग त्या ये-जा करणाऱ्या पावलांचा. पोरं आधी माझ्याकडं यायची. "ताई, टोळीचं गाव मध्येच बदललं तर जुनी चिठ्ठी रद्द करायची का?" मी सांगायचे, नको रे, रद्द केलीस तर मुकादम काट्यावर भांडत बसेल, जुनीवरच नवीन गाव चढव. "बरं," म्हणून पोरगं उठायचं आणि अस्मिताच्या टेबलाशी जायचं. "अस्मिता, तेवढं स्प्रिंटमध्ये घे की." ती घ्यायची. निळं बटण दाबलं की टिक् असा बारीक आवाज व्हायचा. मला तो माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू यायचा. मी काय एस.टी. स्टँडवरची पाटी आहे का, असं वाटायचं. बघायचं माझ्याकडं आणि बसायचं दुसऱ्याच गाडीत!

दिवाळी झाल्या झाल्या आबासाहेबांच्या कारखान्यावर गव्हाणीत मोळी टाकायच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो होतो. गव्हाण म्हणजे ऊस जिथून आत गाळपाला जातो तो लांबलचक सरकता पट्टा. हंगामाची पहिली मोळी तिच्यात कुणी टाकायची, हा इकडं केवढा मोठा मान असतो हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. मांडव होता, सनई होती, उसाला हळदकुंकू लावलं होतं. चेअरमननी टाकली, संचालकांनी टाकली. मग आबासाहेबांनी गर्दीत नजर फिरवली. "अस्मिता म्याडम, या, या. तुमी बी एक टाका."

ती गोंधळली. चपला काढून जायचं होतं. तिनं इकडंतिकडं बघितलं, मी सगळ्यात जवळ होते. "ताई, जरा धरा की," म्हणून तिनं पर्स आणि मोबाईल माझ्या हातात दिला, चपला माझ्या पायाशी सोडल्या आणि गेली. टाळ्या वाजल्या. फोटो निघाले. एका फोटोत मी आहे, कडेला, दोन खांद्यांना दोन पर्सा अडकवलेली. आबासाहेब परत येताना माझ्याजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, "मीनलताई, त्ये रिकाम्या गाडीच्या वजनाचं बरोबर चालंल न्हवं? तुमी म्हणला तर मी निवांत झोपतो." मी म्हटलं, "चालेल." माझं सगळं लक्ष त्या चपलांकडं होतं. त्या चपलाही चांगल्या होत्या.

असं नाही की ती माझ्याशी कधी वाईट वागली. तेच तर अवघड होतं. एका संध्याकाळी आम्ही दोघी भडंग घेऊन कृष्णेच्या घाटावर बसलो होतो. बॅकलॉगमध्ये माझं एक काम पडून होतं. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या मुकादमांना मोबाईलवर लिहिलेला निरोप जायचा, पण त्यांच्यातल्या कितीकांना वाचता येत नाही. निरोप वाचून दाखवायला ते काट्यावर कुणालातरी धरायचे, आणि धरलेला माणूस कधी चुकीचं गाव सांगायचा. तो निरोप बोलका करायचा, फोन वाजला की बाईच्या आवाजात गाव, शिवार, मालकाचं नाव, सगळं ऐकू यावं, असं मी लिहून ठेवलं होतं. तिनं ते वाचलं होतं.

"ताई, त्ये लय भारी हाय. घ्या की आता स्प्रिंटमधी."

"मला कुठं घेता येतंय?"

ती पाण्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "माजं लॉगिन वापरा. पासवर्ड सांगती."

मी भडंग खात राहिले. तिच्या नावानं मी माझंच काम उचलून ठेवलं असतं तर काम झालं असतं, हे मला कळत होतं. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कामाखाली लिहून येतं, हे स्प्रिंटमध्ये कुणी घेतलं. तिथं अस्मिता असं आलं असतं. माझं बाळ आणि बारशाला नाव ठेवणारी आत्या दुसरीच. "नको," मी म्हटलं, "दुसऱ्याच्या नावानं मी काही करत नाही." वाक्य मोठं बाणेदार होतं. घरी येऊन मी रडले.

शनिवारी साताऱ्याला गेले की अप्पा, माझे वडील, विचारायचे, "कसं चाललंय?" ते सुभेदार होऊन फौजेतून रिटायर झालेत. त्यांना हुद्दा, हुकूम, कुणी कुणाला सॅल्यूट करायचा, ह्या गोष्टी अजून रोजच्या पोह्यांइतक्या लागतात. मी सगळं सांगितलं. स्प्रिंट त्यांना लगेच समजला. "पंधरा दिवसांचं राशन," ते म्हणाले. "बरं, मग तू मागितलंस काय?"

"मागायचं कशाला? दिसत नाही का त्यांना?"

"फौजेत मागितल्याबिगर बुटाची नाडी बी मिळत न्हाई पोरी."

"ती फौज झाली. हे घरासारखं आहे."

"मग घरात रुसून बस. घरात त्येच चालतं." त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. विषय संपला. समोर अजिंक्यताऱ्यावर ऊन पडलं होतं आणि मला वडिलांचाही राग आला होता.

आता ते बटण माझ्याकडं आहे. गेली काही वर्षं आहे. आता पोरं माझ्याच टेबलाशी येतात, "ताई, तेवढं घ्या की," आणि मी फोनवर बोलता बोलता टिक् करून टाकते. मला तो आवाज ऐकूही येत नाही. अस्मिता चेन्नईला मोठ्या कंपनीत आहे. दिवाळीला तिचा फोन येतो, तिकडच्या पावसाचं सांगते. परवा एका नव्या मुलीनं विचारलं, "ताई, तुम्हाला कधी कुणाचा हेवा वाटला नाही का हो?" मी म्हटलं, "छे गं." ती बिचारी भारावून गेली. खरं सांगायचं तर असं जिवंत जळायला मला पुन्हा कुणी मिळालंच नाही. हल्ली मी किरकोळ जळते, कुणाच्या फ्लॅटवर, कुणाच्या गुडघ्यांवर. त्यात काही राम नाही.

त्या हंगामाचा पट्टा मार्चमध्ये पडला. उसाचे ट्रॅक्टर कमी झाले आणि मार्केट यार्डात हळदीची आवक वाढली. सांगलीत त्या दिवसांत हवाच पिवळी होते, रुमालानं तोंड पुसलं की रुमालावर हळद. पुढच्या हंगामाची कामं ठरवायची मीटिंग होती. मी सकाळी डोक्यावरून अंघोळ केली, चांगली साडी नेसले, आणि मीटिंग सुरू व्हायच्या आधी दादांच्या केबिनमध्ये गेले. अप्पांचं ऐकायला मला चार महिने लागले होते.

"दादा, मला स्प्रिंटमध्ये कामं घालायची परवानगी पाहिजे."

दादांनी चष्मा काढला. "म्हणजे? तुला नाही?"

"नाही."

"काय बोलतेस! अगं, दिवाळीतच मी अस्मिताला सांगितलं होतं. म्हटलं, मीनलला ते देऊन टाक, खरं तर तिच्याकडंच पाहिजे. मला वाटलं, दिलंय."

मला आधी ते नीट समजलंच नाही. मग समजलं. दिवाळी. म्हणजे मोळीच्या आधी. घाटावरच्या संध्याकाळच्या कितीतरी आधी. मला कुठं घेता येतंय, असं मी म्हटलं तेव्हा ती पाण्याकडं बघत का बसली होती, तेही समजलं. मी केबिनमधून बाहेर आले. अस्मिता तिच्या टेबलाशी नव्हती. बंगल्याला मागच्या बाजूनं लोखंडी जिना आहे, पोरं तिथं चहा प्यायला बसतात. ती एकटीच मधल्या पायरीवर बसली होती. काचेतून तिनं मला केबिनमध्ये जाताना पाहिलं असणार.

"दादांनी तुला सांगितलं होतं," मी म्हटलं.

"व्हय."

"दिवाळीत."

"व्हय." तिनं मान वर केली नाही.

माझ्याजवळ शब्द तयार होते. चार महिने गच्चीवर कपडे झटकताना घासूनपुसून ठेवलेले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच बोलायला लागली.

"ताई, माज्याकडं लोकं काय घिऊन येत्यात, बगितलंय कवा? ठरवून आणलेलं घिऊन येत्यात. तुमाला इच्यारून. मी नुसतं दाबायचं. दादा माजी पाट थोपटत्यात, आणि नड आली की मीनल कुटं हाय म्हणून हाक मारत्यात. आबासायबांनी मला मोळी टाकायला बोलीवलं, आणि झोप लागाय तुमच्याकडं गेलं. मी बगत होते. मला तितनं दिसत होतं."

"म्हणून दिलं नाहीस?"

"त्ये एकच माजं होतं हितं. त्ये बी तुमाला दिलं असतं, तर मी कशाला पायजे होते कुणाला?" तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती. "म्हणून लॉगिन देत होते. काम तुमचं झालं असतं, आन् माजं बी ऱ्हायलं असतं. चुकलं माजं. जळत होते मी तुमच्यावर, ताई. आल्यापास्नं. लय जळत होते."

खाली रस्त्यावरून हळदीच्या पोत्यांचा टेम्पो गेला. वरच्या मजल्यावर कुणीतरी मीटिंगसाठी खुर्च्या ओढत होतं. मला रागवायला हवं होतं. माझा अख्खा हंगाम तिनं खाल्ला होता, माझं काम पिशवीत सुकून गेलं होतं, मुकादम अजून काट्यावर दुसऱ्याकडून निरोप वाचून घेत होते. हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी चांगल्या साडीचा विचार न करता तिच्या शेजारी त्या धुळीच्या पायरीवर बसले. माझ्यावर. माझ्यावर कुणीतरी जळत होतं.

"परत एकदा सांग," मी म्हटलं.